पान तेवीसला हात धरा

१२ ऑगस्ट

प्रिय भाऊराया,

रविवारी फोनवर तू म्हणालास, "ताई, सहा आणि आठ वर्षांच्या मुलांसाठी दोन-चार पुस्तकं सुचव ना," आणि मी होते तिथेच बसले. एकवीस वर्षं मी या वाचनालयाचा बालविभाग सांभाळतेय. तेवढ्या काळात माझ्या सख्ख्या भावाने पुस्तकाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न! फोनवर तू नुसता "हं, हं" करतोस म्हणून पत्र लिहितेय. कागदावर हुंकार भरता येत नाही, बघ.

पुलावर तुझ्याबरोबर काम करणाऱ्या, स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंची ही मुलं, एवढंच तू सांगितलंस. पण नुसत्या वयावरून मी पुस्तक देत नाही. वयावरून चपला घ्याव्यात. मला सांग, मोठा एका जागी किती वेळ बसतो? छोटा कशाला घाबरतो? हातात वस्तू आली की तो ती मांडतो की मोडतो? सगळं लिही.

आणि हे काम मी एकटी करणार नाही. आमचं शिफारस मंडळ करेल. दर शनिवारी नऊ मुलं खालच्या गालिच्यावर बसतात. प्रत्येकाने आपल्याला आवडलेल्या पुस्तकात एक चिठ्ठी ठेवायची: हे कुणी वाचावं, कुठे बसून वाचावं, कुठल्या पानाशी सांभाळावं. तुझी लेक या मंडळाची मुकादम आहे. दिवसभर "का? का?" करते म्हणून तिला सगळे काबाई म्हणतात, आणि तिला त्याचा अभिमानच आहे.

मंडळात तिने जाहीर केलंय की मे महिन्यात बाबाचा पूल पुरा होणार आणि तो तिला न्यायला येणार. तिच्या जागी मुकादम कोण, यावरून आत्तापासून भांडणं चालू आहेत.

तुझी
ताई


२९ ऑगस्ट

ताईस नमस्कार,

तुझे प्रश्न खिशात घेऊन आठवडाभर हिंडलो. मोठा तासभर बसतो, पण बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील वारले, तेव्हापासून कामापुरतंच बोलतो. घड्याळं खोलतो. स्टोअरमधली तीन घड्याळं खोलली त्याने, त्यातली दोन पुन्हा चालू केली. जेवताना डावा हात मांडीखाली ठेवतो, का ते माहीत नाही. छोटा अगदी उलटा. नदीच्या तळाशी काय आहे, पुलाचा खांब तळाला लागल्यावर मासे कुठे गेले, असलं काहीतरी सारखं विचारतो. काळोख्या पाण्याची भीती वाटते आणि तेच बघायचंही असतं. झोप आली की माझ्या, म्हणजे जवळ जो असेल त्याच्या, बाहीचं बटण धरून बसतो.

एक विचारू? मोठ्याने वाचायचं कसं? मी परवा वर्तमानपत्रातलं काहीतरी वाचून दाखवलं, तर छोटा म्हणाला, "तुम्ही पाटी वाचल्यासारखं वाचता." आयुष्यभर लोखंड जोडलं, हे जमत नाही.

काबाई बरी आहे ना? अभ्यास करते ना?

भाऊ


१० सप्टेंबर

प्रिय भाऊराया,

परक्या पोरांबद्दल पानभर आणि स्वतःच्या लेकीबद्दल दीड ओळ! काबाईला पत्र वाचून दाखवताना ती दीड ओळ मी पदरची चार वाक्यं घालून वाढवली. तेवढं पाप माझ्या खात्यावर.

पण पत्र ऐकून तिचे डोळे असे चमकले म्हणून सांगू! लगेच कामाला लागली. तीन दिवस कपाटांपुढे मांडी ठोकून बसली होती. मोठ्यासाठी तिने घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हातारीची गोष्ट काढली. तिची चिठ्ठी अशी: "यात कुणी फारसं बोलत नाही, त्यामुळे बरं वाटतं. खिडकीत बसून वाच. कुणी विचारलं कसं आहे, तर सांगायची सक्ती नाही." छोट्यासाठी पाणबुडीचं चित्रांचं पुस्तक. त्यात: "पान तेवीसला हात धरा. तिथे खूप काळोख आहे. पान चोविसावर दिवा लागतो, पण ते त्याला आधी सांगू नका."

तिची आई गेल्यावर सहा महिने ती स्वतः काही बोलली नव्हती, आठवतं ना? त्या वेळी तिने हीच म्हातारीची गोष्ट अकरा वेळा नेली होती. मी मोजत होते. तिने तिचं सगळ्यांत जवळचं पुस्तक उचलून त्या मुलाला दिलंय, एवढं त्याच्या आईला सांग.

मोठ्याने वाचायचं म्हणजे काय? पाटी आपण रस्त्यासाठी वाचतो, गोष्ट माणसासाठी. मुलाच्या तोंडाकडे बघत वाच. तो थांबला की थांब. आवाज काढायला लाजू नकोस, तुझं तोंड कुणी बघत नसतं, सगळे चित्र बघत असतात.

मंडळाचा नियम: वाचणाऱ्याने शिफारस करणाऱ्याला उत्तर धाडायचंच. पार्सलात आमचा पत्ता छापलेली पाकिटं आहेत. आलेलं पाकीट इथे कुणी आधी फोडत नाही. ज्याची शिफारस, त्याने शनिवारी स्टुलावर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवायचं. काबाई आत्तापासून स्टूल पुसतेय.

तुझी
ताई


२० नोव्हेंबर

ताई,

उशीर झाला, रागावू नकोस. काम फार आहे.

पुस्तकं पोचली. पाणबुडी आता तोंडपाठ आहे. पान तेवीसला हात धरतो. आणि तुला सांगायचंच होतं, म्हातारीची गोष्ट संपल्यावर मोठ्याने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "परत." एवढंच. त्याची आई दारात उभी होती, ती आत जाऊन रडली. तू आणि काबाईने काय केलंय हे तुम्हाला कळायचं नाही.

उत्तराचं राहू दे. मुलांना नीट लिहिता येत नाही अजून. मी तुला लिहिलं, तेच उत्तर समज.

पुलाचं काम लांबेल असं दिसतंय. मेचं बघू.

भाऊ


१ डिसेंबर

प्रिय भाऊराया,

"मेचं बघू" म्हणजे काय रे? ही ओळ मी काबाईला वाचून दाखवली नाही. "परत" मात्र चार वेळा वाचून दाखवलं. चौथ्यांदा ती उठून मोरीत गेली आणि तोंड धुऊन आली. म्हणाली, "आत्या, तो बोलला." जणू तिने स्वतःच्या हाताने त्याला बोलता केला. आणि केलाच की.

उत्तराचं राहू देणार नाही. आठ वर्षांच्या मुलाला चार ओळी लिहिता येतात. चुका असू देत, आम्ही चुका बघत नाही. दर शनिवारी दुसऱ्या कुणाचं तरी पाकीट येतं, दुसरं कुणीतरी स्टुलावर चढतं, आणि ही टाळ्या वाजवते. घरी येताना विचारते, टपाल हरवत असेल का? पोरीचा जीव टांगणीला लावू नकोस.

इथे सध्या टेबलाखाली वाचायचा महिना चालू आहे. सगळ्या टेबलांवर चादरी टाकल्यात, प्रत्येकाला एक बॅटरी. मोठी माणसं वाकून आपापलं मूल शोधत असतात. काबाईने आपल्या टेबलाला तीन जागा ठेवल्यात. मी म्हटलं, दोघी कोण? तर म्हणे, "दोघी नाही, ते दोघे. कधी आले तर." त्या मुलांना मे महिन्यात भेटायचं, असं तिने ठरवून टाकलंय. तुझ्याकडे राहायला आल्यावर रोज त्यांना वाचून दाखवणार आहे.

दुसरं पार्सल निघालं. पाकिटं पुन्हा घातलीत. या वेळी मी मोठ्याच्याच नावाने एक चिठ्ठी आत ठेवलीय, सरळ: उत्तर लिही आणि स्वतः पेटीत टाक, मोठ्यांवर विसंबू नकोस.

ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

दोन्ही पार्सलांतली पुस्तकं परत पाठवतोय. आता आणखी धाडू नकोस. इथल्या शाळेत वाचनालय आहे म्हणतात.

तुला एक सांगायचंय. पत्रात नको आणि फोनवर काबाई शेजारी असते. येईन तेव्हा सांगतो. तिला जप.

भाऊ


६ मार्च

भाऊ,

तुला यायची गरज पडली नाही. परवाच्या शनिवारी आम्हाला कळलं. सगळ्या मंडळाला कळलं.

शुक्रवारी पाकीट आलं. वर वेड्यावाकड्या अक्षरात "शिफारस करणाऱ्यास". काबाईने ते रात्रभर उशाशी ठेवलं, नियम म्हणून फोडलं नाही. शनिवारी केस दोनदा विंचरून स्टुलावर चढली. आठ मुलं, चार-पाच पालक आणि मी. पत्र माझ्यापुढे आहे, जसंच्या तसं उतरवते. तूही वाच.

"शिफारस करणाऱ्यास. मला तुझी पुस्तकं आवडली. तुला कसं कळलं मला घड्याळं आवडतात? छोट्याला पान तेवीसला आता भीती वाटत नाही कारण बाबा हात धरतात. आमचे पहिले बाबा वारले. हे नवीन बाबा आहेत. जानेवारीत आईचं आणि त्यांचं लग्न झालं आणि आम्ही सगळे एका घरात राहतो. बाबा पुलावर वेल्डिंग करतात. त्यांच्या हातावर ठिणग्यांचे डाग आहेत, आम्ही मोजले, सतरा. आधी त्यांना वाचता यायचं नाही पण आता ते रोज वाचतात आणि राक्षसाचा आवाज पण काढतात. बाबा म्हणतात ही पुस्तकं निवडणारी मुलगी फार हुशार आहे. तू त्यांच्या ओळखीची आहेस का?"

"नवीन बाबा"शी ती थांबली. मी उठले, म्हटलं दे, मी वाचते. तिने मान हलवली. नियम आहे ना, ज्याची शिफारस त्याने वाचायचं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. एका मुलीने खालून विचारलं, "मग? आहेस का ओळखीची?" काबाई म्हणाली, "थोडीशी." मग पत्राची नीट घडी केली, स्टुलावरून उतरली आणि टाळ्या वाजल्या. पोरांना काय कळणार, ती वाजवतात.

हे माझ्या नियमाने झालं. उत्तर लिही, स्वतः पेटीत टाक. मीच शहाणपणाने त्या मुलाला लिहिलं होतं. तू "उत्तराचं राहू दे" म्हणालास तेव्हा मला कळायला हवं होतं. जेवताना हात मांडीखाली कोण ठेवतं, झोपताना बाही कुणाची धरतं, हे तू लिहिलं होतंस, आणि मी त्यातून पुस्तक शोधत बसले. अक्कल गहाण टाकली होती मी.

तू लग्न केलंस म्हणून मी रडत नाही. बाई चांगली असेल, मुलं चांगलीच आहेत. पण आम्हाला सांगायचं नाही? लेकीच्याच हाताने त्यांच्यासाठी पुस्तकं निवडून घ्यायची?

घरी येताना ती एकदाच बोलली. म्हणाली, "आत्या, मला वाटायचं बाबाला गोष्ट वाचून दाखवता येत नाही. काही काही लोकांना नाही येत. म्हणून मी कधी मागितली नाही."

ताई


१५ मार्च

ताई,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. आणखी शिव्या दे, हलकं वाटेल.

मी ठरवून काही केलं नाही. वाचायला लागलो म्हणून त्यांच्या घरी जायला लागलो. छोटा बाही धरून झोपला की उठवत नसे. काबाईच्या वेळी मी असा बसलोच नाही. तिची आई असताना कामावर, आई गेल्यावर तिच्या तोंडाकडे बघवेना, डोळे अगदी आईचे. म्हणून तर तुझ्याकडे ठेवली. त्या दोघांकडे बघताना मला काही आठवत नाही, हे खरं कारण आहे. कुणाला सांगण्यासारखं नाही.

दर वेळी वाटायचं, पुढच्या पत्रात सांगू. तू लिहायचीस ती किती खुशीत आहे, आणि माझी जीभ उचलायची नाही.

घरात सगळ्यांना काबाईबद्दल सांगितलंय. तिकडे मी शनिवारी, ४ एप्रिलला येतोय. समोर बसून बोलेन. ती म्हणेल तसं करीन. यायचं म्हणाली तर घेऊन येईन, जागा आहे, तिची नवी आईही हो म्हणालीय. तिला यातलं काही आधी सांगू नकोस. मलाच विचारू दे.

भाऊ


१२ एप्रिल

ताई,

सुखरूप पोचलो. दोन दिवस कामावर गेलो नाही.

गाडीत सगळं घोकून आलो होतो. खालच्या दालनात शिरलो तर ती टेबलामागे तुझ्या बाजूला उभी. केवढी उंच झालीय! मी म्हटलं, "काबाई." तर म्हणाली, "या, बसा." बसा! माझी लेक मला कधी अहो-जाहो करत नव्हती. मग विचारलं, "मुलं आता किती वर्षांची झाली? मागची पुस्तकं आवडली का? मोठा आता किती बोलतो?" येणाऱ्या-जाणाऱ्या कुठल्याही पालकाला विचारावं तसं. मी उत्तरं देत गेलो, दुसरं काय करणार? तिने दोन पुस्तकं काढून दिली. एकातलं पान दाखवून म्हणाली, "इथे आवाज बारीक करा." आणि तशीच उभी राहिली.

मला वाटलं, हिने मला मनातून काढून टाकलंय. आता "माझ्याबरोबर येतेस का" असं कुठल्या तोंडाने विचारू? ती नाही म्हणाली असती तर मला सोसलं नसतं. गाडीची वेळ झाली म्हणालो आणि निघालो. वेळ झाली नव्हती. स्टेशनवर दोन तास बसून होतो.

मी गेल्यावर ती काही बोलली का? ती तुझ्याकडेच सुखी आहे, असंच ना?

भाऊ


२० एप्रिल

भाऊ,

बोलली का विचारतोस. ऐक.

तू येणार त्या दिवशी सकाळी, दार उघडायच्या आधीच, ती माझ्याबरोबर आली. तिच्याकडे वाचनालयाची चार पुस्तकं होती, दोन अर्धवट वाचलेली. चारही टेबलावर ठेवली आणि वर आपलं कार्ड ठेवलं. मी म्हटलं, अगं, मुदत आहे की अजून. तर म्हणाली, "गाव सोडून जाताना कार्ड परत द्यायचं असतं ना, आत्या?" घरी तिच्या कपाटातले दोन खण रिकामे होते. बॅग भरून पलंगाखाली ढकललेली. मी तिला काही सांगितलं नव्हतं, तुझ्या शब्दाला जागले. तिचं तिनेच ओळखलं होतं की एवढ्या लांबून बाबा येतो तो न्यायलाच येणार.

रागावलेली होती, म्हणून अहो-जाहो. तिला तेवढंच जमलं. पुस्तकं दिली आणि तू विचारायची वाट बघत उभी राहिली. "चल" एवढंच म्हणायचं होतं रे. तू घड्याळाकडे बघितलंस.

आणि मी? मी चार हातांवर होते. मला कार्डाचं माहीत होतं, बॅगेचं माहीत होतं. तुला हाक मारली असती तर तू थांबला असतास. मारली नाही. ती गेल्यावर त्या घरात मी एकटी काय करणार, हे त्या क्षणी माझ्या मनात आलं. तुला नावं ठेवायला मला तोंड उरलेलं नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

तू गेल्यावर ती फाटकापर्यंत गेली. अर्ध्या तासाने आली आणि विखुरलेली पुस्तकं जागेवर लावत बसली. घरी बॅग तिनेच उपसली. रडली नाही. मी रडले तर मला पाणी आणून दिलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती रांगेत उभी दिसली, चार मुलांच्या मागे. मी खूण केली, पुढे ये. आली नाही. पाळी आल्यावर म्हणाली, "नवीन कार्ड हवंय." मी म्हटलं, अगं जुनंच आहे खणात, घे की. तर म्हणे, परत केलेलं कार्ड रद्द होतं, नवीन अर्ज भरावा लागतो. नियम तिला माझ्याहून पाठ. अर्ज घेतला आणि उभ्यानेच भरला. नाव, वय, इयत्ता, शाळा. शेवटच्या ओळीशी थांबली. मागे रांग होती, म्हणून पुढे वाकून अगदी हळू विचारलं, "आत्या, इथे पालकाची सही लागते. कुणाची घेऊ?"

मी केली.

ताई